पिवळ्या पिशव्यांचा झुला

"सुट्टी लागली की सायकलने थेट धरण!" असं ठरलं होतं, पण ताईच्या हाडांनी ऐनवेळी संप पुकारला.

रक्ताच्या पेशी हाडांच्या आतल्या मऊ गरात तयार होतात, हे तिच्या धाकट्या भावाला, बटाट्याला, आत्ताच कळलं होतं. लाल पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या जंतूंशी मारामारी करतात आणि प्लेटलेट्स जखमेला बूच लावतात. ताईचा गर यातलं काहीच धड बनवत नव्हता. सकाळपासून तिच्या नाकातून रक्त येत होतं. दुपारी प्लेटलेट्सची पिशवी चढवायची होती.

बटाटा आणि त्याची मामेभावंडं, चष्मिस व पोपट, रुग्णालयातल्या रक्तपेढीच्या दारात उभी होती.

"झुला बंद!" चष्मिस ओरडली. रोज प्लेटलेट्सच्या पिवळ्या पिशव्या डोलवणारं यंत्र आज गप्प होतं.

"पिशव्यांना झोप लागली असेल," पोपट म्हणाला.

"गप रे! प्लेटलेट्स हलत्या राहिल्या नाहीत तर खराब होतात!"

बटाट्याने वायरचा माग काढला. यंत्राचा प्लग काढून तिथे रक्तपेढीतल्या काकांची चहाची किटली लावली होती!

"दोनच मिनिटं काढलंय," काका गुरगुरले. "पळा!"

दारावर तपासणीचा तक्ता होता. बटाट्याने तो वाचला. "काका, दुपारी चार वाजता यंत्र चालू होतं?"

"होतं म्हणजे! स्वतः बघून सही केलीय!"

"पण आत्ता अकराच वाजलेत."

काकांनी घड्याळाकडे असं पाहिलं, जणू चूक त्याचीच होती. तेवढ्यात पोपट तक्ता घेऊन वर डॉक्टरीणबाईंकडे धावला!

डॉक्टरीणबाई आल्या. "किती वेळ बंद होतं, देव जाणे. सगळ्या पिशव्या टाकून द्या."

ताईची पिशवीही गेली. आपण उगाच बोललो, असं बटाट्याला वाटलं.

मग फोनाफोनी झाली. कोपऱ्यावरचा न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक सोडून प्लेटलेट्स द्यायला आला. तपासण्या होऊन संध्याकाळी पिशवी लागली आणि रक्त थांबलं.

"शाब्बास! तुम्ही नसता, तर ती खराब पिशवी लागली असती," डॉक्टरीणबाई ताईच्या खाटेपाशी म्हणाल्या. "बोला, बक्षीस काय हवं?"

"ताईचा गर कधी सुरू होईल?"

त्या बटाट्याशेजारी बसल्या. "नाही सांगता येत रे."

"मग ही पिशवी किती पुरेल?"

"तीन-चार दिवस."

"म्हणजे शुक्रवारपर्यंतचं ठरलं," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "पत्ते वाटा. आणि बटाट्या, मुद्दाम हरायचं नाही हं!"

बटाटा मुद्दाम हरला नाही. त्याला पानंच दिसत नव्हती.