चालणारा आणि मारणारी

पवन पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी एका लॅपटॉपच्या पोटात हात घालून बसले होते. स्क्रू-ड्रायव्हर सटकला, अंगठ्यात घुसला आणि मी ओरडले, ‘‘आई गं!’’

जयपूरच्या राजा पार्कात कोणी ‘आई गं’ म्हणत नाही. काउंटरपलीकडचा माणूस दचकला.

‘‘मराठी?’’

‘‘नाही. दुखलं.’’

‘‘म्हणजे दुखल्यावरच मराठी होता का तुम्ही?’’

‘‘दुखल्यावर सगळेच आपापल्या घरचे होतात. बोला, काय बिघडलंय?’’

त्यानं बॅगेतून स्टीलचा डबा काढला. डब्यातून रुमाल काढला. रुमालातून एक सीडी काढली आणि अशी ठेवली, जणू तिला ताप होता. तिच्यावर हिरव्या स्केच पेननं लिहिलं होतं – ‘डायनो. हात लावू नये.’

मी हात लावला.

‘‘हा खेळ चालू करायचाय,’’ तो म्हणाला. ‘‘पण माझ्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही.’’

‘‘आजकाल माणसांनाही अक्कलदाढेला जागा नसते. प्रगती म्हणतात तिला.’’

तो हसला. हसताना आधी खाली बघायचा आणि मग हसायचा, परवानगी काढल्यासारखा. मी दुकानातल्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह बाहेरून जोडला, खेळ उतरवून घेतला, चालू केला. जंगल आलं. खाली बंदूक धरलेला एक हात आला. त्या हाताचा मालक कोण, ते या खेळात शेवटपर्यंत कळत नाही. हा खेळ मी लहानपणी सुट्टीत नाशिकला मामाकडे खेळले होते, त्यामुळे माझ्या बोटाला लगेच खाज सुटली. तेवढ्यात झाडामागून एक डायनासोर निघाला आणि पापणी लवायच्या आत आम्हाला खाऊन परत झाडामागे गेलासुद्धा.

‘‘हे... एवढ्या जोरात?’’

‘‘जुने खेळ कॉम्प्युटर पळेल तेवढे पळतात. तेव्हाचे कॉम्प्युटर बिचारे चालायचे. आता डायनासोरला सीकर रोड मोकळा मिळालाय.’’

‘‘कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेत. आज कसली घाई झालीय त्यांना?’’

मी त्याला काउंटरच्या आत बोलावलं. तो माझ्या उजवीकडच्या खुर्चीत बसला, बाणांच्या चार बटणांवर बोटं ठेवली आणि पुढचा डायनासोर आला तरी नुसता बघत राहिला.

‘‘गोळी मारा ना!’’

‘‘मला येत नाही. मी चालणारा आहे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मतलब... आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एकच कीबोर्ड होता. मी चालायचो. गोळी दुसरं कोणी मारायचं.’’

मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो न सांगता कंट्रोलच्या बटणावर जाऊन बसला होता. मामेभाऊ अर्णव चालायचा. मुलींना रस्ते कळत नाहीत म्हणून माझ्याकडे फक्त गोळी होती. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात मी या खेळात एक पाऊलही टाकलेलं नाही.

‘‘मी मारणारी आहे,’’ मी म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जयपूरची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास असावी. त्यातल्या या अर्ध्या माणसाला नेमकी मीच भेटावी...

‘‘कोण मारायचं तुमच्याकडे?’’ मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘‘होतं... घरातलंच.’’

घरातलं. म्हणजे मैत्रीण नव्हे. मी ते मनात जपून ठेवलं.

‘‘घाई आहे का?’’

‘‘नाही... म्हणजे थोडी... नाही, काही नाही.’’ तो उठला. ‘‘मला शनिवारीच येता येतं. तीनला. झालान्यात नोकरी आहे.’’

‘‘काय करता तिथे?’’

‘‘एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर नेतो. मधूनमधून जंगलातून बिबट्या येतो, तेव्हा आम्ही खिडक्या लावतो.’’

‘‘म्हणजे तिथेही चालणाराच.’’

तो गेला. दुकान बंद व्हायला अजून तास होता. मी एक इवलासा प्रोग्राम शोधला, जो जुन्या खेळांचा वेग धरून ठेवतो, आणि तो लावला. दहा मिनिटं लागली. डायनासोर डायनासोरसारखे चालायला लागले – जड, डुलत, पोट सांभाळत. मला चालता येत नसल्यामुळे मी जागेवर उभी राहून तीन मारले.

मग पवनला कळवायला फोन उचलला.

मग ठेवला.

मग तो प्रोग्राम काढून टाकला आणि डायनासोर पुन्हा मोकाट सोडले.

यात काही मोठं पाप आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. दुकानात लोक माझ्याशी रोज खोटं बोलतात. ‘पाणी नाही सांडलं, दीदी’ म्हणतात आणि कीबोर्डमधून चहा निघतो. मी एकदाच बोलले.

दुसऱ्या शनिवारी मी वेग तिपटीवर आणला. तिसऱ्या शनिवारी दुपटीवर. प्रामाणिक माणसाला प्रगती वाटावी, इतपत. एप्रिल संपत आला होता, बाहेर रस्ता तव्यासारखा, आणि पवन आल्या आल्या न विचारता बादली उचलून कूलरमध्ये पाणी भरायचा. मग वाळ्याचा ओला वास सुटायचा, तो हात पुसत उजवीकडे बसायचा आणि म्हणायचा, ‘‘चला, मरू या.’’

या खेळाची एक गंमत आहे. बंदूक समोर धरलेली असते, ती हलवता येत नाही. चालणारा वळेल तिकडेच ती वळते. म्हणजे नेम चालणाऱ्याचा असतो. मारणाऱ्याच्या हातात फक्त वेळ असते.

‘‘आता!’’ तो म्हणायचा.

‘‘माहितीय मला!’’

‘‘मग मार ना!’’

‘‘जवळ येऊ दे जरा.’’

‘‘कुणाला?’’

मी मारायचे. मधे कीबोर्ड होता म्हणून. नाहीतर आमच्या कोपरांचं कधीच जमलं असतं.

चौथ्या शनिवारी आंधी आली. समोरच्या चाटवाल्याची ताडपत्री उडाली, दिवे गेले, मी शटर अर्धं ओढलं. भर दुपारी काळोख. लॅपटॉपच्या उजेडात पवनच्या पापण्यांवर बारीक पिवळी धूळ दिसत होती.

‘‘डोळ्यात गेलं का काही?’’ मी ओढणीचं टोक पुढे केलं.

तो म्हणाला, ‘‘डोळे जपावेत माणसानं.’’

मला ते फार रोमँटिक वाटलं. मी दोन दिवस त्यावर जगले.

‘‘अनुया,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘हा खेळ खरंच नीट चालू झाला... तर मग मी काय कारण काढून यायचं?’’

‘‘कूलर आहे ना.’’

तो खाली बघून हसला. तेव्हा सांगायला हवं होतं. वेळ माझ्याच हातात होती.

पाचव्या शनिवारी तो आला नाही. मी कूलरमध्ये पाणी भरलं नाही. तोंडावर गरम वारा घेत पाच वाजेपर्यंत बसले.

सहाव्या शनिवारी आला. दाढी वाढलेली. बादलीकडे गेला नाही.

‘‘आता राहू दे तो खेळ,’’ तो म्हणाला. ‘‘सीडी तेवढी दे.’’

‘‘का? काय झालं?’’

‘‘बाबा मारायचे गोळी,’’ तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, काउंटरच्या बाहेर उभं राहूनच. त्याचे बाबा, शामराव, रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवरून आले की युनिफॉर्म न काढता स्टूल ओढून पवनच्या डावीकडे बसायचे आणि एका बोटानं डायनासोर मारायचे. शेवटचा, दाराआडचा मोठा डायनासोर त्यांच्याकडून कधी मेला नाही. मधेच क्वार्टर सुटलं, कॉम्प्युटर गेला. ‘तो बाकी आहे’ असं बाबा अजून म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी साखरेनं त्यांचा उजवा डोळा गेला. डाव्यात रक्त उतरत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि खात्री दिली नव्हती.

‘‘म्हटलं, त्याच्या आधी एकदा...’’ तो थांबला. ‘‘गेल्या आठवड्यात झालं. परवा पट्टी निघाली. दिवस आहे की रात्र, तेवढं कळतं त्यांना.’’

माझ्या कानात कूलरच्या पंख्याची घरघर भरली. कूलर बंद होता.

‘‘पवन, आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगितलं असतं तर तू दोन दिवसांत कुठूनही करून आणलं असतंस. दया म्हणून. आणि मला... शनिवार हवे होते. चूक माझी आहे, अनुया. बाबांचे डोळे जात होते आणि मी इथं तुझ्या शेजारी बसून मजेत मरत होतो.’’

माझा गुन्हा स्वतःच्या खिशात घालून एक माणूस माझ्यासमोर उभा होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. ते मला छान जमतं. पाच आठवड्यांचा अनुभव होता.

‘‘चल,’’ मी लॅपटॉप उचलत म्हणाले. ‘‘तुमच्या घरी जाऊ. चालू होईल आज.’’

मुरलीपुऱ्याला जाताना स्कूटरवर त्यानं बेत सांगितला. बाबांच्या मांडीवर एक न जोडलेला कीबोर्ड द्यायचा. ते बटण दाबतील, खरी गोळी मी मारायची. त्यांना वाटेल, लागतंय. मला हा बेत आवडला. खोटं बोलायचं होतं, आणि या वेळी ते चांगल्या कामाला लागत होतं.

शामरावकाका बनियन-पायजम्यात, काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. पवननं ओळख करून दिली.

‘‘हीच का ती कॉम्प्युटरवाली? ये वं पोरी. पवन्या शनिवारी दोनदा दाढी करायचा, तेव्हाच म्हटलं, मशीन जास्तच बिघडलेलं दिसते.’’

पवन भिंतीकडे बघायला लागला.

मी तो वेग धरणारा प्रोग्राम गुपचूप परत लावला आणि खेळ सुरू झाला. डायनासोर डुलत आले. पवन वळायचा, डायनासोर ओरडायचा, काका मान तिरकी करून ऐकायचे आणि बटण दाबायचे. मी माझं दाबायचे. एक मेला, दोन मेले, सात मेले. दलदल ओलांडली, देऊळ ओलांडलं, शेवटचं दार समोर आलं.

‘‘बंदूक लय चांगली आहे,’’ काका शांतपणे म्हणाले. ‘‘मी बटण दाबायच्या आधीच गोळी सुटते.’’

आम्ही दोघं गारठलो.

‘‘तीस वर्षं हिरवा झेंडा दाखवून गाडी सोडली मी. झेंड्याच्या आधी गाडी हलली तर मला कळत नसेल काय?’’ ते हसले. ‘‘जोडा माझा खरा. दोघं मिळून मारू. कितीक दिवस लागले वं हे चालू कराले?’’

‘‘पाच-सहा आठवडे, बाबा,’’ पवन घाईनं म्हणाला. ‘‘फार किचकट होतं. रात्रंदिवस मागे लागली होती ती.’’

तो माझी बाजू घेत होता. खोटी, भरभक्कम बाजू. काकांचा काळा चष्मा माझ्याकडे वळला होता, आणि त्यात मला माझंच तोंड दिसलं.

‘‘दहा मिनिटं, काका,’’ मी म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘दहा मिनिटं लागली. पहिल्याच शनिवारी. मग मी तो परत बिघडवला.’’

पवनची बोटं बाणांवरून उचलली गेली. खेळातला तो बिनतोंडाचा माणूस दारापाशी थांबला. मागून काहीतरी आलं आणि त्यानं आम्हाला सावकाश, योग्य वेगात खाल्लं.

‘‘काऊन?’’ काकांनी विचारलं.

‘‘मलाही शनिवार हवे होते.’’

काकांचं बोट बटणावर तसंच होतं.

पवन मला फाटकापर्यंत सोडायला आला. सवय म्हणून आला असावा.

‘‘मी स्वतःला हळूहळू माफ केलं असतं,’’ तो म्हणाला.

‘‘माहितीय.’’

‘‘तू का सांगितलंस?’’

‘‘नाहीतर तू जन्मभर स्वतःला बोल लावला असतास.’’

‘‘तेच बरं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘तू तरी राहिली असतीस.’’

या वेळी तो खाली बघून हसला नाही. नुसता खाली बघत राहिला. मी ई-रिक्षात बसले.

चार दिवसांनी दुकानात फोन आला. ‘‘शनिवारी ये वं पोरी. तीन ते पाच तो घरी नसतो. त्यानं मुद्दाम सांगितलं मले, की नसतो.’’

म्हणून मी जाते. काका मधल्या खुर्चीत, मी डावीकडे. उजवीकडची खुर्ची रिकामी. चार बटणं असतात चालण्याची, शिकता येतील, हे मलाही कळतं. पण ती खुर्ची त्याची आहे. आम्ही दोघं मारणारे. आमचा माणूस शेवटच्या दारापासून दहा पावलांवर उभा आहे, मे महिन्यापासून.

‘‘पुढे कोन जाते?’’ काका विचारतात.

‘‘कोणी नाही, काका. इथंच उभे आहोत.’’

‘‘बरं. येऊ दे मग त्यांना.’’

परवा गल्लीत स्कूटरचा आवाज आला. काकांची मान तिरकी झाली. माझीही. फाटकाशी आवाज जरा मंदावला... आणि पुढे गेला.

‘‘दुसरी हाय,’’ काका म्हणाले.

तेवढ्यात पडदा लाल झाला. समोरून आलेला डायनासोर मी पाहिला नव्हता, काकांनी ऐकला नव्हता.

‘‘उशीर केला वं पोरी.’’

‘‘हो, काका.’’

‘‘लाव पुन्हा.’’