वरच्या घराचं पाणी

खोटं लिहिलंत तुम्ही. दिघीच्या वर डोंगरात आठ घरांची वाडी आहे, तिच्या पायथ्याला तुमच्या नळयोजनेचा निळा फलक उभा आहे: घरोघरी नळ, काम पूर्ण. घरागणिक एक असे आठ खांब पुरलेत, आठ तोट्या बसवल्यात. पायथ्यापासून शेवटच्या घरापर्यंत हातभर रुंदीचा चर खणलात आणि निघालेले दगड दोन्ही बाजूंना फेकून जुनी पायवाट गाडून टाकलीत. चरात पाइप मात्र नाही. विसरलात की गिळलात, तुमचं तुम्हाला माहीत. पुढे काय झालं ते ऐकून घ्या.

त्या चराचा उपयोग एकाच माणसाला झाला, हुझैफाला. सहा वर्षं दोह्यात एसी दुरुस्त करून परतलेला हा गडी एकचाकी सायकल घेऊन आला. एक चाक, वर बसायला खोगीर, बस्स. त्या चरातूनच डोंगर चढायचा, डोंगर उतरायचा. जेट्टीवर मासळी तोलणारा निकेश रोज त्याला छेडायचा, "काय रं, दुसरा चाक बोटीत इसरलास काय?"

"कस्टमवाल्यांनी ठेवून घेतला," हुझैफा म्हणायचा.

मे उजाडला, वाडीची विहीर आटली. सात घरांनी कुलपं लावली आणि माणसं खाली नातेवाइकांकडे उतरली. सगळ्यात वरच्या घरातल्या चंद्राबाई तेवढ्या हलल्या नाहीत. सत्तरी ओलांडलेली बाई.

"मी उतरले की वाडी ओस लिवतील नि मोकले होतील," त्या हुझैफाला म्हणाल्या. "शुक्रवारी नळवाले तपासनीला यायचे हायत. तवर एक तरी मानूस दिसला पायजे."

"तोवर पाण्याचं काय, आजी?"

"तू हायस ना."

म्हणून तो रोज सकाळी पाणी घेऊन निघायचा. पाठीवर तीन लिटरची पिशवी, तिची नळी उजव्या खांद्यावरून पुढे आलेली. पिशवी त्याची आई शहरबानू बिस्मिल्ला म्हणून भरायची. वाटेत तो स्वतः एक घोटही घ्यायचा नाही.

एका चाकावर बसणाऱ्याचं एक असतं. पाठीवरचं वजन पावशेराने जरी हललं, तरी ते डोळ्यांच्या आधी कमरेला कळतं.

शनिवारी पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या खांबाजवळून जाताना उजव्या कानाशी आवाज झाला. घोट घेतल्याचा. लगेच पाठ हलकी झाली, चाक पुढे उसळलं आणि तो पडता पडता वाचला. पिशवीत हवा अडकली असेल, असं त्याने धरलं.

रविवारी तीन खांबांशी तेच झालं. वर पोचला तेव्हा पिशवी अर्धी होती.

सोमवारी त्याने ती निकेशच्या काट्यावर टांगली. तीन किलो दोनशे. तासभर तशीच ठेवली. काटा हलला नाही, खाली थेंब पडला नाही.

"पिशवी कुटं गलत न्हाय," निकेश म्हणाला. "तूच पितोस नि म्हातारीला फसवतोस."

त्या दिवशी चंद्राबाईंच्या कळशीत दोन तांबे पडले.

परतताना हुझैफा पाचव्या खांबाशी थांबला. खालची माती कोरडी ठणठणीत होती, मुंग्यांची रांगसुद्धा मोडलेली नव्हती. त्याने तोटी उघडून तिच्या तोंडाला तळवा लावला. आतून हवा ओढली जात होती. सावकाश, झोपलेल्या माणसाने श्वास घ्यावा तशी. त्याने खांबाच्या बुडाची माती उकरून पाहिली. खांबातली नळी वीतभर होती आणि खालून सिमेंटने बुजवलेली.

तोटी बंद करून तो खाली आला.

मंगळवारी वाटेतले सातही खांब प्याले.

बुधवारी त्याने चर सोडला. कॅन हातात घेऊन बाजूच्या दगडांवरून पायी चढायला लागला. अर्ध्या वाटेत दगडांचा ढीग घसरला, कॅन फुटला, घोटा मुरगळला. गुरुवारी पट्टी बांधून पुन्हा चाकावर बसला. वर पोचलं ते कपभर पाणी.

चंद्राबाई ते दोनदा थांबून प्याल्या. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"आजी, आज माझ्याबरोबर खाली चला."

"उद्याचा येक दिस." त्या हसल्या. "माझं शेवटचं घर ना रं. शेवटच्या घराला कधी धार पोचलीय? आधीच्यांचं भागल्याबिगर वर येत न्हाय."

"आधीचे कोण? सगळ्यांना कुलपं आहेत."

त्या दाराबाहेर, खांबांच्या रांगेकडे बघत राहिल्या.

शुक्रवारी तुम्ही आलात. फलकासमोर उभं राहून फोटो काढलेत आणि गाडी वळवून गेलात. चंद्राबाई दुपारी बारापर्यंत उंबऱ्यावर बसून होत्या. हुझैफा वर पोचला तेव्हा त्या भिंतीला टेकल्या होत्या. डोळे उघडे, जीभ टाळूला चिकटलेली. पिशवीत थेंब नव्हता.

त्याने चाक दाराशी टाकलं, पिशवी उतरवली. त्यांना पाठीवर घेऊन त्यांच्याच लुगड्याच्या पदराने स्वतःशी घट्ट बांधलं. चाळीस किलो असतील. दगडांवरून नेलं असतं तर दोघंही गेली असती. आणि आज तर पाणीच नाही, मग चराची भीती कसली, असा त्याने हिशोब केला.

तो चरात उतरला.

"पोरा, तहान लागलीय," त्या कानाशी पुटपुटल्या.

"पोचलोच, आजी."

सातवा खांब आला. उजव्या कानाशी घोट वाजला.

पाठ हलकी झाली.

तो पळायला लागला. मुरगळलेला पाय, दोन्ही बाजूंना दगड. सहावा. पाचवा.

गळ्याभोवतीचे हात वाळल्या झावळीसारखे खरखरले.

"आजी, बोला काहीतरी!"

चौथा.

तिसऱ्याशी त्याने डोळे मिटले. डोळे मिटूनही कमरेला कळत होतं.

दुसरा.

पहिल्या खांबाशी घोट लांबला. तळाशी उरलेलं ओढून घेताना होतो तसा आवाज झाला.

खाली रस्त्यावर निकेश टेम्पो घेऊन उभा होता. त्याने हुझैफाला येताना पाहिलं, पुढे आला आणि थबकला.

"हुझैफा," तो हळूच म्हणाला, "पाठीवर ह्ये लुगडं कोनाचं बांधून आनलंस?"

हुझैफा अजून रस्त्यावरच उभा आहे. पदराची गाठ त्याने कुणाला सोडू दिलेली नाही. ती तुम्ही येऊन सोडा, आत बघा, आणि मग चारचौघांत सांगा: सात घरांना कुलपं होती, तर प्यालं कोण?