चाळीस अब्ज की साठ?

वेधशाळेतल्या संगणकखोलीच्या दारात दोघं एकाच वेळी पोचले — आणि अडकले. तिच्या हातात चहाचा पेला, त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा.

"आधी तुम्ही, खानम."

"छे, तुम्ही पाहुणे. आधी तुम्ही."

"तुमच्याकडे पाठ करून आत जाऊ? अशक्य!"

"फुलाला कुठे पाठ-पोट असतं, आगा? चला."

इराणातल्या शिराझमध्ये हा तारोफ दारोदारी चालतो. आग्रह, नकार, पुन्हा आग्रह… समोरचा मनापासून बोलतोय की रीत पाळतोय, खुदा जाणे! शेवटी दोघं एकदमच घुसले आणि चहा त्याच्या कागदांवर सांडला.

"असू दे," तो हसत म्हणाला, "कागदांना तहान लागलीच होती."

त्याचं नाव आयदिन. तब्रीझहून तीन महिन्यांसाठी आलेला. तिचं शकीबा, अस्सल शिराझी. वेधशाळेच्या प्रमुख मलकूतीबाईंनी दोघांना एकच काम दिलं होतं: आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेचं वस्तुमान मोजायचं. दीर्घिका जितकी जोरात गरगरते, तितकी ती वजनदार. तो वेग शकीबानं ताऱ्यांवरून काढायचा, आयदिननं वायूवरून, आणि दोघांनी मिळून एकच आकडा छापायला द्यायचा.

खिडकीबाहेर नारिंगाची झाडं फुलली होती. त्या वासात काम कमी आणि गप्पा फार व्हायच्या.

"शिराझचे लोक दुपारभर झोपतात म्हणे?" तो विचारायचा.

"झोपतो तर! जागं राहून तब्रीझकरांसारखं कपाळाला आठ्या घालायच्या का?"

मग तो साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायचा आणि पेल्याआडून तिच्याकडे बघायचा… ती नजर खाली वळवायची, पण एक क्षण उशिरानं.

पोरगी पुरती प्रेमात पडली होती. पंचाईत एवढीच, की त्याच्या मनाचा थांग लागत नव्हता. "तुमच्यावरून जीव ओवाळून टाकीन," असं तो उठताबसता म्हणे. पण किलोभर काकड्या तोलताना कोपऱ्यावरचा भाजीवालाही तेच म्हणे! आयदिनचं खरं होतं, की तोही तारोफच?

आकडे आले, आणि सगळाच बोजवारा. शकीबाचे चाळीस अब्ज सूर्य, आयदिनचे साठ अब्ज!

"शनिवारी मला एकच आकडा हवा," मलकूतीबाईंनी बजावलं.

दोघांनाही ठाऊक होतं, घोळ कोनाचा आहे. दीर्घिका म्हणजे तिरकी धरलेली थाळी. ती किती तिरकी आहे ते कळल्याशिवाय खरा वेग कळत नाही. शकीबानं तो कोन साठ अंश धरला होता, आयदिननं पंचेचाळीस.

शनिवारी शकीबानं आपला कागद टेबलावर ठेवला. त्यावर होतं — साठ अब्ज. आयदिननं आपला ठेवला. त्यावर होतं — चाळीस अब्ज.

मलकूतीबाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"तिनं तुझा कोन घेतला, तू तिचा! अरे, दीर्घिकेपुढेही तारोफ?" त्यांनी डोळे पुसले. "पण बघा, कोन बदलले आणि आकडे हुबेहूब पालटले. म्हणजे वेग दोघांनीही अचूक मोजलाय, चूक फक्त कोनात आहे. जा, आता मला तारोफ नको. कडकडून भांडा."

दोघं अंगणात नारिंगाखाली येऊन बसले.

"माझा कोन बरोबर वाटला तुम्हाला?" तिनं विचारलं.

"…नाही. मुळीच नाही."

"मग घेतलात कशाला?"

"बाईंसमोर तुमचा चेहरा उतरलेला… मला बघवला नसता."

तिच्या काळजात लख्ख उजेड पडला. पण लगेच शंकेचा किडा वळवळला. "आयदिन आगा, माझी शपथ, एकदा तरी तारोफ सोडून बोला!"

त्यानं मोठा श्वास घेतला. "तुमचा कोन चुकलाय. तुम्ही आतलेच तारे धरलेत. बाहेरच्या कडेला थाळी मुरडलीय, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत."

"आणि तुम्ही?" ती उसळली. "नुसती कडच बघितलीत! मधला भाग काय मी घरून आणलाय?"

मग जे जुंपलं! कागद फडफडले, पेन्सिली मोडल्या, चहा दोनदा गार झाला. इतकं सुखाचं भांडण शकीबा जन्मात भांडली नव्हती. पहिल्यांदाच तो माणूस तिच्याशी खरं बोलत होता. दुपार कलता कलता दोघांचं जमलं: कोन बावन्न अंश, वस्तुमान अठ्ठेचाळीस अब्ज सूर्य.

आयदिन कागद उगाच नीट लावत बसला.

"बाई म्हणतात, अजून अकरा दीर्घिका मोजायच्यात. मी… इथेच राहू का?"

"दीर्घिकांसाठी?"

"दीर्घिका तब्रीझहूनही दिसतात." तो लाल झाला, पण थांबला नाही. "शकीबा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तुझ्यासाठी राहू?"

शिराझमध्ये मिठाईचा तुकडासुद्धा दोनदा 'नको, नको' म्हटल्याशिवाय कुणी उचलत नाही. मग प्रेमाच्या गोष्टीत मुलीनं किती आढेवेढे घ्यावेत! शकीबाला ते सारं पाठ होतं. तिनं मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"राहा," ती म्हणाली. पहिल्याच विचारण्याला.