चुकीच्या मापाचा कंगवा

टर्नर त्या हॉलमध्ये चुकून शिरला. जायचं होतं वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दुकानात, ताईसाठी भेट घ्यायला. पण दार उघडलं ते भलतंच.

आत लांबच लांब टेबलं, आणि प्रत्येक टेबलामागे वस्तू घडवणारा माणूस स्वतः बसलेला. कुणी मातीचे कप केले होते, कुणी कातडी बांधणीच्या वह्या, कुणी पातळ लाकडाचे दिवे. टर्नरने एक कप उचलला, मग शेजारचा. दोन्ही एकाच हाताचे, पण सारखे नव्हते. तो तिथेच थबकला.

कारखान्यात तो लेथ यंत्रावर दिवसाला चारशे पिना काढायचा. चारशेही सारख्या. एखादी वेगळी निघाली की ती भंगारात. लेथ चालवतो म्हणून त्याला सगळे टर्नर म्हणत, अगदी घरमालकसुद्धा. आणि इथे एकही वस्तू दुसरीसारखी नव्हती, तरी भंगार असं काहीच नव्हतं. त्याला उगाचच टोपी काढून हातात धरावीशी वाटली.

शेवटच्या टेबलावर लाकडी कंगवे होते. मागे बसलेल्या मुलीने डोक्याला रुमाल घट्ट गुंडाळला होता, आणि तिच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता.

"हात लावू का?"

"लावा की. दाते आहेत, पण चावत नाही."

त्याने एक कंगवा उचलला. गुळगुळीत, उबदार... जणू आत्ताच कुणीतरी हातातून खाली ठेवलेला.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

"ताईसाठी. रविवारी लग्न आहे तिचं."

"केस कसे आहेत त्यांचे?"

"काळे."

"काळे तर आमच्या मांजराचेही आहेत. दाट की विरळ? लांब की आखूड? मी माप घेतल्याशिवाय कंगवा देत नाही."

टर्नरला हायसं वाटलं. मापाचं बोलणं त्याला कळत होतं. "लांब. कमरेपर्यंत. आणि दाट — वेणी मुठीत मावत नाही."

"या मुठीत?" तिने त्याच्या भल्यामोठ्या पंजाकडे बघितलं.

"हो. मुठीत."

"बापरे! मग विरळ दाते हवेत, जाड. वेगळाच करावा लागेल. गुरुवारी माझ्या खोलीवर या." तिने कागदावर पत्ता लिहिला. "आणि असं बघू नका. कंगवा बघायला आलात ना?"

"तोच बघतोय," टर्नर म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. कारण कंगवा केव्हाच टेबलावर परत गेला होता.

गुरुवारी तो ठरल्यापेक्षा तासभर आधीच पोहोचला. ती शेवटचे दाते कापत होती. हातात बारीक करवत, लाकडावर एकही खूण नाही. करवत जायची, यायची, आणि आणखी एक दाता मोकळा व्हायचा. टर्नर श्वास रोखून उभा राहिला. मग राहवलं नाही. त्याने खिशातून व्हर्नियरची मोजपट्टी काढून दात्यांमधल्या फटी मोजल्या.

"प्रत्येक फट वेगळी आहे," तो हळूच म्हणाला. चूक दाखवल्याबद्दल त्यालाच वाईट वाटलं.

"असणारच. टोकाचे दाते जवळजवळ, मधले दूर दूर. कानापाशी केस बारीक असतात, मागे दाट. तुम्ही कधी कुणाचे केस विंचरले नाहीत वाटतं?"

"नाही..."

"आणि खिशात मोजपट्टी घेऊन फिरता!"

"हे सगळं तुम्ही कशाने मोजता?"

तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांना घट्टे होते, एका नखाखाली भुसा. टर्नर त्या हातांकडे बघतच राहिला. यंत्राला येत नाही ते या दहा बोटांना येतं, हे त्याच्या डोक्यात मावेना.

संध्याकाळी त्याने कंगवा ताईपुढे ठेवला.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सतराची. ती त्याच्यासाठी मागे राहिली, ती चाळिशीपर्यंत. आता कुठे तिचं लग्न ठरलं होतं. रविवारनंतर या घरात ती राहणार नव्हती. इतक्या वर्षांचं देणं एका वस्तूने फिटत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण निदान तिच्यासाठीच घडवलेली एक तरी वस्तू तिच्या हातात द्यायची होती. दुसऱ्या कुणालाच चालणार नाही अशी.

ताईने कंगव्यावरून बोट फिरवलं. मग तिने अंबाडा सोडला.

केस जेमतेम खांद्यापर्यंत आले. विरळ, मुळाशी पांढरे. तिने कंगवा लावला, तो कुठेही न अडकता सरळ खाली आला.

"ती वेणी कधीच गेली रे," ताई म्हणाली. "तुला टायफॉइड झाला त्या वर्षी कापली. विंचरायला वेळ कुणाला होता?"

"मग मला कसं दिसलं नाही?"

"तू आठ वर्षांचा होतास. माझ्याकडे बघून म्हणालास, 'जेवायला काय आहे?'" आणि ती हसायला लागली.

टर्नरला हसू आलं नाही. वेणी मुठीत मावत नाही, हे खरंच होतं. पण ती मूठ सहा वर्षांच्या मुलाची होती. ताईही जाईल या भीतीने तो रोज तिच्या वेणीचं टोक धरून झोपायचा. ते माप त्याने तेवीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि समोरच्या माणसाकडे एकदाही बघितलं नव्हतं. घरातलं माणूस असंच असतं. रोज दिसतं, म्हणून बघायचं राहून जातं.

शुक्रवारी तो ताईलाच घेऊन गेला.

"माप चुकलं," त्याने मान खाली घालून सांगितलं.

कंगवेवालीने त्याला एका शब्दानेही काही विचारलं नाही. ताईला स्टुलावर बसवलं, अंबाडा सोडला आणि केसांतून बोटं फिरवली. "किती मऊ आहेत, ताई! यांना नाजूकच हवा." तिने लगेच लाकडाची छोटी पट्टी घेतली. टर्नर भिंतीला टेकून बघत होता. ताईची मान, मानेवरचा तीळ, कानामागची पांढरी बट... सगळं त्याला आज दिसत होतं. तासाभरात नवा कंगवा ताईच्या हातात आला.

"याला इंचाचा हजारावा भाग मोजता येतो हो," ताई म्हणाली, "फक्त माणूस मोजता येत नाही. बाकी मुलगा चांगला आहे. भांडी स्वतः घासतो."

"ताई!"

"बरं बाई, मी बाहेर थांबते. भुशाने शिंका येतात मला." आणि एकही शिंक न देता, नवा कंगवा छातीशी धरून ती बाहेर गेली.

खोलीत दोघंच उरली. टर्नरने पहिला कंगवा खिशातून काढला.

"परत घेत नाही मी," ती म्हणाली. "ज्याच्या मापाचा असेल त्याला द्या."

"एक विचारू? हा करताना... कुणाच्या केसांवर लावून बघितलात?"

तिने हातावरचा भुसा झटकला. मग पहिल्यांदाच खाली बघत म्हणाली, "गिऱ्हाईक समोर नसलं की — माझ्याच."

तिने रुमाल सोडला. वेणी खाली आली. येतच राहिली, कमरेपर्यंत. टर्नरने कंगवा पुढे केला.

"मग हा तुमचा," तो म्हणाला.

"माझीच वस्तू मला भेट?"

"वस्तू माझी आहे. विकत घेतलीय."

"आजवर सगळे माझे कंगवे दुसऱ्यांसाठीच नेत आले..." ती हसली, पण डोळे वेगळंच सांगत होते. "माझ्याकडे प्लास्टिकचा आहे. तीन दाते तुटलेला."

तिने कंगवा घेतला. घेताना बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली. तेवढ्यात बाहेरून ताईची शिंक आली, उशिरा आठवलेली आणि अगदीच खोटी.

"रविवारी याल लग्नाला?" त्याने विचारलं.

"येईन. केस बांधून येऊ की सोडून?"

"कसेही," टर्नर म्हणाला. "मी नीट बघेन."