थव्यातली मोकळी जागा

थोरली आली होती ती धाकटीला न्यायला, पाखरं बघायला नव्हे. हे तिने गाडीतून उतरता उतरताच सांगून टाकलं, म्हणजे मागाहून घोळ नको.

खाडीच्या तोंडाशी दोन खोल्यांचं भाड्याचं घर. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या कड्या गंजलेल्या, डब्यातलं मीठसुद्धा ओलं. पुढच्या व्हरांड्यात तिपाईवर लांब नळीची दुर्बीण, शेजारी वेताची खुर्ची. खुर्चीचा वेत बसून बसून खोल गेलेला.

"वर्ष व्हायला आलं, बबे," थोरली चहाचा कप खाली ठेवत म्हणाली. "तुझा नवरा पाखरं बघायला म्हणून चिखलात गेला, वर भरती आली, परत आला नाही. नावाडी शोधून थकले, पोलीस थकले. तू कुणासाठी बसलीयस इथे?"

"बसले नाहीये, ताई. बघतेय."

"तेच ते. बसूनच बघतेस ना."

धाकटी हसली नाही. ती दुर्बिणीची काच मऊ फडक्याने पुसत राहिली.

दुपारी भरती चढली. चिखल हळूहळू पाण्याखाली गेला आणि त्यावर चरणारी सगळी पाखरं मागे सरत सरत वाळूच्या एकाच लांबट पट्ट्यावर गोळा झाली. बुटके चिखल्या पक्षी पुढे, पांढरे कुरव मागे, सगळ्यांच्या चोची वाऱ्याकडे. इतकी दाटीवाटी, की लग्नाच्या पंगतीतही माणसं जरा सुटसुटीत बसतात. थोरलीने आढेवेढे घेत दुर्बिणीला डोळा लावला, आणि मग काढला नाही.

"एवढी खेटून बसलीत," ती म्हणाली, "आणि मधेच हे टक्कल कसलं?"

थव्याच्या मधोमध वाळूचा एक गोल उघडा होता. तिथे एकही पाखरू नव्हतं. भोवती मात्र पंखाला पंख.

"टक्कल नाही ते," धाकटी म्हणाली. "नीट बघ. सरकतंय."

थोरलीने पाहिलं. गोलाच्या पुढची पाखरं दोन-चार पावलं चालून बाजूला होत होती, आणि मागची परत येऊन जागा भरत होती. न उडता, न ओरडता.

"ससाणा आला तर सगळा थवा एकदम उठतो," धाकटी सांगू लागली. असं भरभरून ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. "कुत्रा आला तर आरडाओरडा होतो. माणूस सावकाश चालत आला तरच ती अशी वाट देतात. त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवतात."

"माणूस आहे कुठे तिथे?"

"तेच तर."

थोरली काही भाबडी बाई नव्हती. भाजीवाल्याचा काटा आधी रिकामा बघून घेतल्याशिवाय तिने आयुष्यात कधी पावशेर मिरची घेतली नाही. ओहोटी लागल्यावर तिने साडी खोचली आणि काठी घेऊन स्वतः त्या पट्ट्यावर गेली. काहीतरी कुजलं असेल, नाहीतर खाली पाणी असेल, असा तिचा हिशेब.

वाळू घट्ट होती. वास नव्हता. सगळीकडे पाखरांच्या पायांचे ठसे, एकावर एक, नजर टेकवायला जागा नाही. फक्त मधून एक रुंद पट्टा कोरा गेला होता. मागून परत आलेल्या पाखरांचाही ठसा त्यावर उमटला नव्हता, आणि माणसाचाही नव्हता. तो सरळ गेलेला नव्हता. थोडा डावीकडे तिरका, तिथे जरा फुगवटा, मग उजवीकडे तिरका, पुन्हा फुगवटा. एक टोक खोल पाण्याकडे, दुसरं घराकडे.

परत आल्यावर तिने पाय धुतले आणि मगच विचारलं.

"हे असेच जायचे," धाकटी म्हणाली. "सरळ पाखरांवर चालून गेलं की ती बिचकतात. म्हणून तिरकं जायचं. थांबायचं, मान खाली घालायची, आपण त्यांच्याकडे बघतच नाही असं दाखवायचं, मग दुसऱ्या बाजूने तिरकं. पहिल्यांदा दिसले तेव्हा ते पट्ट्याच्या पार पलीकडच्या टोकाला होते. आता अर्ध्यावर आलेत. ते घराशी पोचू देत, ताई, मग तू म्हणशील तिथे येईन. त्याआधी मला ओढून नेलंस तरी मी परत येईन."

गप्प बसणं थोरलीला जमत नसे, म्हणून ती कांदे चिरायला गेली, आणि अर्धा कांदा टाकून परत आली.

"मला एक सांग. तुझ्या नवऱ्याला ही पाखरं किती लांब ठेवायची?"

धाकटीचा चेहरा उजळला. "ह्यांना? हात पुढे केला तर लागतील इतक्या जवळ चरायची. ओळखायची ना."

"मग ह्याला अंगणाएवढी जागा का सोडतायत?"

धाकटीचं हसू जागच्या जागी राहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला तो गोल पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला आला होता. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. वारा समुद्राकडून होता आणि सगळा थवा समुद्राकडे तोंड करून उभा होता. फक्त गोलाच्या काठावरची पाखरं तशी नव्हती. त्यांनी तोंडं आत वळवली होती. एकही पाखरू पिसांत चोच खुपसून झोपलेलं नव्हतं.

थोरली पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला गेली. घरात, दारात, गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नसे.

"मेहुणे असाल तर ऐका, आणि नसाल तरी ऐका," ती म्हणाली. "माझी बहीण उद्या माझ्याबरोबर चाललीय. एवढीच ओढ असेल तर चला तुम्हीही. गाडीत मागे जागा रिकामीच आहे. नाहीतर तिचा नाद सोडा."

पट्ट्यावरची कलकल थांबली.

गोल हलला नाही.

मग काठावरचं एक चिखल्या पाखरू आत गेलं. त्याच्यामागे दुसरं. बघता बघता जागा भरून गेली आणि थवा सगळीकडे सारखा झाला.

"बघितलंस?" थोरली व्हरांड्यात येऊन म्हणाली. "चार शब्द सुनावले की भलेभले वाटेला लागतात."

धाकटी दुर्बिणीत बघत नव्हती. ती पायऱ्यांकडे बघत होती.

सकाळी तिने न सांगता सामान बांधलं. केस विंचरले, नीट इस्त्रीची साडी नेसली, दुर्बीण तिपाईवरच राहू दिली. थोरलीने दोनदा विचारलं, घ्यायची नाही का. "आता कशाला?" एवढंच धाकटी म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. थोरलीला बरं वाटलं. इतकं सोपं होतं तर आधीच यायला हवं होतं, असंही वाटलं.

अंगणात ड्रायव्हरने आपल्या पावाचा चुरा टाकला होता आणि त्यावर चिमण्यांची झुंबड उडाली होती. थोरली त्यांच्यातून चालत गेली. त्या पायापुरत्या बाजूला झाल्या आणि पुन्हा चुऱ्यावर आल्या. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि काच खाली करून वळली.

धाकटी अजून पायरीवरच होती.

चिमण्या सरकू लागल्या. उडाल्या नाहीत, चालत मागे झाल्या, कुंपणापर्यंत. चुरा तसाच पडून राहिला.

धाकटीने पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. ती अंगणातून तिरकी आली, मधे थांबली, मान खाली घातली, आणि मग दुसऱ्या बाजूने गाडीकडे वळली.

"ये लवकर," थोरली म्हणाली. आवाज तिच्या मनाजोगा निघाला नाही.

धाकटीने मागचं दार उघडलं, आणि स्वतः बसायच्या आधी जरा बाजूला होऊन उभी राहिली.