रंगखान्याच्या दारातून

न्हाणीघराच्या फरशीवरचा लाल ओघळ ताई घाईघाईनं धुऊन काढत होती, आणि नेमकी तेव्हाच धाकटी बहीण दारात येऊन उभी राहिली... इतक्या वर्षांत जिनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं, ती!

शेजारच्या काकूंनी फोन केला होता, दवाखान्यात सोबतीला कुणीतरी लागतं म्हणून आले, एवढंच ती कोरडेपणानं म्हणाली.

ताईचं सारं आयुष्य कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेलं होतं. रोज अंग धुताना पायांवरून रंगीत पाणी वाहायचंच, म्हणून लघवीत पहिल्यांदा लाली दिसली तेव्हा तिनं मनावर घेतलं नाही. घेतलं तोवर मूत्राशयात कॅन्सरच्या गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्या दुर्बिणीनं खरवडून काढल्या. पण पुन्हा उगवल्या तर? म्हणून आता गरम केलेलं औषध नळीवाटे आत फिरवायचं होतं. पोट फाडायला नको... मात्र हा उपाय लागू पडला नाही, तर मूत्राशयच काढावं लागणार होतं!

दवाखान्यात यंत्र सुरू झालं. ताईच्या ओटीपोटात ऊब पसरत गेली. धाकटी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी सहज कामाची चौकशी केली. काही रंगांच्या कामात हा आजार जास्त दिसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं का, असंही विचारलं.

"माहीत होतं," ताई पुटपुटली. "आमची मुकादमीण यातच गेली."

धाकटी गर्रकन वळली. "कधी?"

ताईनं डोळे मिटून घेतले. "तू कामाला लागायला आली होतीस ना... त्याच्या थोडं आधी."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तो दिवस ती कशी विसरेल! सगळ्या बायकांदेखत, 'हिच्या हाताला वळण नाही, हिला घेऊ नका,' म्हणत ताईनं तिला रंगखान्याच्या दारातून हाकललं होतं. त्या अपमानानं पेटून ती शिकायला घर सोडून गेली होती, आणि तिच्या शिक्षणासाठी ताई मात्र त्याच रंगांत हात बुडवत राहिली होती...

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू मला तरी तिथं राहू दिलं असतंस का?"

धाकटीचा बांध फुटला. ताईच्या रंग मुरलेल्या बोटांवर कपाळ टेकून ती हमसून हमसून रडली.

ती परत गेली नाही. दर आठवड्याला ताईला दवाखान्यात घेऊन यायची, रात्री दोनदा उठून तिचा श्वास ऐकायची. अखेर तपासणीचा दिवस उजाडला. दुर्बीण आत फिरत राहिली, आणि धाकटीनं ताईचा हात असा आवळला की ताईच कळवळली.

"सध्या तरी स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "पण वरचेवर तपासावं लागेल. फोन कुणाला करायचा?"

ताई काही बोलणार, तोच धाकटी पुढे झाली. "मला. मी हिची बहीण."