घुबडाच्या मागचा अंधार

रविवारी सकाळी सगळं इंदूर पोहे-जलेबीच्या दुकानांपुढे उभं असे, तेव्हा ज्ञानदीप हातोदच्या वाटेवरच्या एका तलावाकाठी पोटावर पडून पक्ष्यांची वाट बघत असे. पीथमपूरच्या कंपनीत नोकरी पक्की झाली, हातात डिजिटल कॅमेरा आला, आणि हे वेड लागलं. कॅमेरा चांगला होता, पण उजेड कमी पडला की उजेड टिपायची ताकद, म्हणजे आयएसओ, वाढवावा लागे, आणि आयएसओ वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे उमटत.

ऑफिसातल्या मनीषने त्यावर त्याला एक सॉफ्टवेअर दिलं. त्याची रीत सोपी होती. फोटोत जिथे काहीच नाही, नुसतं आभाळ किंवा नुसता अंधार आहे, असा एक चौकोन त्याला दाखवायचा. त्या रिकाम्या तुकड्यावरून सॉफ्टवेअर दाणे ओळखायचं आणि मग सगळ्या फोटोतून तेवढेच वेचून काढायचं.

त्या हिवाळ्यात मनीषनेच सांगितलं की बंद पडलेल्या मिलमध्ये पांढऱ्या तोंडाची घुबडं राहायला आली आहेत. ती मिल ज्ञानदीपला चांगली माहीत होती. त्याचे वडील, नथू, तिथेच सूत कातायच्या खात्यात होते. मिलला टाळं लागलं तेव्हा बाकीच्यांनी रिक्षा धरल्या, भाजीच्या गाड्या लावल्या. नथू मात्र रोज डबा घेऊन फाटकासमोर जाऊन बसायचे, आणि एका दुपारी भिंतीला टेकले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून ज्ञानदीप आणि त्याची आई गयाबाई त्या रस्त्याने गेले नव्हते.

पण घुबडाचा मोह मोठा. शनिवारी संध्याकाळी तो गेलाच. फाटकावर पहारेकरी होता संताजी, नथूंच्याच पाळीतला जुना माणूस. त्याने ओळखलं, कुलूप काढलं, खात्याच्या दारापर्यंत सोबत आला आणि तिथेच थांबला.

"जा ना भिया, आरामात काढ फोटो," तो म्हणाला. "मी इथेच बरा."

आत जुन्या तेलाचा वास होता. मशीनी केव्हाच भंगारात गेलेल्या. फरशीतून त्यांचे बोल्ट तेवढे वर आलेले. कापसाची कुसं अजून छताच्या कैच्यांना चिकटून होती. दिवसभर तापलेले पत्रे आता थंड होत टक्... टक्... वाजत होते. घुबड एका खालच्या तुळईवर बसलं होतं. ज्ञानदीपने आयएसओ होता तितका वर नेला आणि फोटो घेतले. पक्षी त्याच्याकडे बघतच नव्हता. मान पूर्ण फिरवून तो मागच्या कोपऱ्यात बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, ज्ञानदीप कॉम्प्युटरपुढे बसला. खिडकीतून ऊन आत आलेलं, बायको मानसी अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याने घुबडामागचा काळा कोपरा रिकामा म्हणून निवडला. सॉफ्टवेअरने तो नाकारला. या चौकोनात काहीतरी आहे, दुसरा निवडा, अशी पाटी पडद्यावर आली. त्याने चौकोन सरकवला. तीच पाटी. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याने एक काळा फोटो घेतला आणि तो रिकामा म्हणून दाखवला. तेव्हा कुठे काम सुरू झालं.

वरून खाली दाणे विरत गेले. घुबड स्वच्छ, मऊ होऊन निघालं. आणि त्याच्या मागे माणूस उभा होता.

बुटकासा माणूस. उजवा खांदा उतरलेला, मान खाली, दोन्ही हात छातीपुढे, बोटं एकमेकांना जुळलेली. पुढच्या फोटोत हात थोडे सरकलेले. ज्ञानदीपने मूळ फोटो उघडून बघितला. तिथे नुसते दाणे. पुन्हा पुसले, पुन्हा माणूस. ढगात आपण हत्ती-घोडे बघतो, तसंच हे, असं त्याने मनाला समजावलं. पण तो उतरलेला खांदा त्याने लहानपणी रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पाहिला होता.

मागे गयाबाई हरभरे सोलत बसली होती. ती कधी उठून आली ते त्याला कळलं नाही. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"तुटलेला धागा जोडतायत," ती म्हणाली.

"आई, आपण भुताखेतावर विश्वास ठेवत नाही ना?"

"भूत कोण म्हणतंय? माणूस कामावर आहे. मिल बंद झाली ते त्यांच्या मनाने घेतलंच नव्हतं. कुणीतरी सांगायला पाहिजे."

पत्रे सडलेत, साप निघतात, असं सगळं त्याने सांगून बघितलं. मानसीनेही समजावलं. उन्हं उतरल्यावर गयाबाईने बुद्धवंदनेला नेसायची पांढरी साडी नेसली आणि स्कूटरवर मागे जाऊन बसली.

खात्याच्या दारात ती थांबली. सगळ्या संसारात तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. आत्ताही ते येईना. मग जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात ती आत बघून बोलली.

"अहो... मिल बंद झाली. चला आता घरी."

पत्र्यांची टकटक थांबली. घुबड आवाज न करता त्यांच्या डोक्यांवरून बाहेर गेलं. वारा नव्हता, तरी कैच्यांवरची कुसं सुटून खाली यायला लागली, हळूहळू, सगळ्या खात्याभर. ज्ञानदीप तिच्यापुढे दोन पावलं आत उभा होता, बोट कॅमेऱ्याच्या बटणावर दाबलेलं. त्याने ते उचललं नाही, फोटो निघत राहिले.

गयाबाई वळून बाहेर पडली. दाराशी संताजीचा चेहरा उतरला होता.

"भाभी..." तो अगदी हळू म्हणाला, "नाव घेऊन बोलवायचं होतं. अशी हाक... इथे सगळ्यांनाच ऐकायची होती."

मग त्याने घाईघाईने फाटकाला कुलूप घातलं.

घरी आल्या आल्या ज्ञानदीपने त्या नव्या फोटोंतले दाणे पुसायला घेतले. खांदा उतरलेला माणूस कोपऱ्यात तिथेच होता. फक्त आता त्याचे हात खाली होते आणि मान दाराकडे वळलेली होती. निघायला पाऊल उचलावं आणि कुणीतरी पुढे घुसावं, तसा तो अर्धवट उभा राहिला होता. शेवटच्या फोटोत गयाबाई दारातून बाहेर पडत होती, पाठमोरी. तिच्या पदराला लागून कुणीतरी मागे चाललं होतं. गयाबाईचं डोकं त्याच्या कोपरापाशी येत होतं. नथू तर तिच्याच उंचीचे होते. गल्लीतले लोक दोघांना जुळे म्हणून चिडवायचे.

आईला कसं सांगावं ते ज्ञानदीपला कळेना. ती इतक्या वर्षांनी गुणगुणत होती. रोज दोन भाकऱ्या जास्त टाकत होती, चहाचा दुसरा कप खाटेपाशी ठेवत होती, आणि तो गार झाला तरी उचलू देत नव्हती. पुढच्या रविवारी एकटंच जायचं, बाबांना नाव घेऊन हाक मारायची, असं त्याने ठरवलं. रविवारी तो पोहोचला तेव्हा फाटक सताड उघडं होतं. मॉल व्हायचा म्हणून खातं पाडलं होतं. कोपरा कुठे होता तेही त्या विटांच्या ढिगात ओळखू येईना. संताजी काम सोडून गेला होता. ज्ञानदीपने ढिगासमोर उभं राहून "नथू" म्हणून हाक मारली, पुन्हा मारली. ट्रक भरणारी माणसं बघायला लागली, तेव्हा तो परत फिरला.

घरी आला तेव्हा मानसी अंगणात स्टुलावर चढून वरच्या दोरीवर चादरी टाकत होती. खाली उभं राहून तिचा हात तिथे पोचत नसे. गयाबाई खाटेवर बसून तिच्याकडे बघत होती.

"मानसी," ती म्हणाली, "ती दोरी जरा अजून वर बांध गं. येता-जाता त्यांच्या डोक्याला लागते."